वक्ररेषा जुळेपर्यंत: अमायलॉइड-बीटाच्या बीजनिर्मितीचे एक प्रकरण

स्वीडनमधील लुंड विद्यापीठात सारा लिन्से यांची आणि इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात ख्रिस्तोफर डॉब्सन, मिकेले वेन्द्रुस्कोलो व तुओमास नोल्स यांची, अशा प्रयोगशाळांनी २००९ ते २०१५ या सुमारास अमायलॉइड-बीटा या पेप्टाइडवर (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीवर) जे काम केले, ते येथे एक प्रकरण म्हणून मांडले आहे. अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत पेशींच्या बाहेर जे चिवट साठे सापडतात, ते प्रामुख्याने याच पेप्टाइडच्या तंतूंचे असतात. आलोइस अल्झायमर यांनी १९०६ साली आपल्या रुग्णाच्या मेंदूतील साठ्यांचे वर्णन केले आणि १९८४ साली ग्लेनर व वाँग यांनी मेंदूच्या रक्तवाहिन्यांतील साठ्यातून हे पेप्टाइड वेगळे काढले. पुढची वीस-पंचवीस वर्षे मात्र एक साधा प्रश्न अडून राहिला होता: सुट्या रेणूंपासून तंतू होतात हे ठाऊक आहे, पण ते कोणत्या पायऱ्यांनी होतात आणि त्यातली कोणती पायरी बाकीच्यांवर कुरघोडी करते?

प्रश्न अडला होता त्याचे कारण सिद्धान्ताची उणीव हे नव्हते. तोच प्रयोग आज केला तर एक उत्तर आणि उद्या केला तर दुसरे, अशी स्थिती होती आणि तिच्यावर कोणतेही गणित उभे राहत नव्हते. माझ्या मते या प्रकरणातील खरा शोध पुढे येणाऱ्या समीकरणांच्या आधी, पेप्टाइड स्वच्छ करण्याच्या कंटाळवाण्या कामातच लागला होता. म्हणून खालील मांडणीत त्या कामाला मुद्दाम अधिक जागा दिली आहे.

पेप्टाइड येते कोठून

अमायलॉइड-बीटा हे स्वतंत्रपणे तयार होणारे प्रथिन नाही. चेतापेशीच्या पटलात, म्हणजे तिच्या आवरणात, आरपार रुतलेले एक मोठे प्रथिन असते. बीटा-सिक्रिटेज हे विकर त्याला पटलाच्या बाहेरच्या बाजूला एक काप देते आणि मग गामा-सिक्रिटेज हे चार प्रथिनांचे संकुल पटलाच्या आत, म्हणजे जेथे पाण्याला सहसा शिरकाव नसतो अशा ठिकाणी, दुसरा काप देते. या दोन कापांमधला तुकडा म्हणजे अमायलॉइड-बीटा. दुसरा काप नेमका कोठे बसेल याला थोडी मोकळीक असल्यामुळे कधी ४०, तर कधी ४२ अमिनो आम्लांचा तुकडा सुटतो. पहिली २८ अमिनो आम्ले मूळची पटलाबाहेरची, तर उरलेली पटलाच्या स्निग्ध थरातली असतात. पाण्याशी न जमणारे हे शेपूट घेऊन तुकडा पाण्यात येतो आणि त्याच्या पुढच्या वागण्याची पुष्कळशी मुळे तेथेच आहेत. शेवटची दोन अमिनो आम्ले जास्त असलेले ४२चे रूप ४०च्या रूपापेक्षा बरेच जलद तंतू करते. पुढील वर्णन मुख्यतः या ४२च्या रूपाबद्दल आहे.

प्रयोग आणि त्याची अडचण

प्रयोग दिसायला सोपा असतो. बफरमध्ये, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, काही मायक्रोमोलर पेप्टाइड घ्यायचे, त्यात थायोफ्लेविन टी नावाचा रंग अत्यल्प प्रमाणात घालायचा, ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये ते भरायचे आणि प्लेट ३७ अंशांवर यंत्रात ठेवून द्यायची. हा रंग तंतूला चिकटला की ४४० नॅनोमीटरचा प्रकाश घेऊन ४८०च्या आसपास चमकतो. सुट्या पेप्टाइडबरोबर तो जवळजवळ अंधारातच राहतो. यंत्र दर काही मिनिटांनी चमक मोजते. बराच वेळ काहीच दिसत नाही, मग चमक एकाएकी चढू लागते आणि शेवटी सपाट होते. सुरुवातीच्या शांत कालखंडाला विलंबकाळ म्हणतात.

अडचण अशी की एकाच बाटलीतून शेजारशेजारच्या तीन खळग्यांत भरलेले द्रावण तीन वेगवेगळ्या वेळी चढत असे. एखादा खळगा तासाभरात चमके, तर त्याच्या शेजारचा संध्याकाळपर्यंत थंड राही. नवी बॅच आली की मागच्या बॅचचे आकडे निरुपयोगी ठरत. याचे एक स्पष्टीकरण सर्वांच्या ओठांवर तयार होते, आणि ते वरवर पाहता शास्त्रीयही होते: पहिले बीज, म्हणजे तंतूची सुरुवात करणारा रेणूंचा पुंजका, तयार होणे ही मुळात दैवाधीन घटना आहे, म्हणून फरक पडणारच.

हे स्पष्टीकरण साध्या हिशेबापुढे टिकत नाही. १०० मायक्रोलिटर द्रावणात ५ मायक्रोमोलर पेप्टाइड असेल तर त्या एका खळग्यात सुमारे तीनशे लाख कोटी रेणू असतात. इतक्या गर्दीत एका बीजाचा जन्म दैवाधीन असला, तरी दर मिनिटाला जन्मणाऱ्या असंख्य बीजांची सरासरी दैवाधीन राहत नाही. अतिसूक्ष्म थेंबांत प्रयोग केला तर एकेका बीजाची वाट पाहावी लागते हे खरे, पण प्लेटच्या खळग्यात तसे होण्याचे कारण नाही. तेव्हा शेजारचे दोन खळगे वेगळे वागत असतील, तर त्यांत भरलेले द्रव्य वेगळे आहे, असाच निष्कर्ष काढावा लागतो.

ते वेगळेपण शिरण्याच्या वाटा अनेक होत्या. त्या काळी बहुतेक प्रयोगशाळा रासायनिक पद्धतीने बनवलेले पेप्टाइड विकत घेत. त्यात एकेक अमिनो आम्ल जोडत ४२ची साखळी बनवतात, म्हणजे ४१ जोड. प्रत्येक जोड शंभरात ९९ वेळा नीट बसला असे धरले, तरी ४१ जोडांनंतर शंभरातील सुमारे ६६ साखळ्याच पूर्ण व निर्दोष उरतात. बाकीच्या कोठेतरी एखादे अमिनो आम्ल गाळलेल्या असतात. शुद्धीकरणात त्यांतल्या पुष्कळ निघून जातात. पण मूळ साखळीहून एकाच अमिनो आम्लाने वेगळा असलेला रेणू पकडणे अवघड असते, आणि तंतूच्या टोकाला असा सदोष रेणू बसला की तेथली वाढ अडखळू शकते. झुरिकच्या एका गटाने २०१०मध्ये दाखवून दिले की जिवाणूंकडून बनवून घेतलेले ४२चे पेप्टाइड रासायनिक पेप्टाइडपेक्षा जलद गोळा होते आणि चेतापेशींना अधिक घातकही ठरते. तोपर्यंत किती निष्कर्षांत हा सूक्ष्म भेसळीचा भाग मिसळला असेल याचा विचार अस्वस्थ करणारा आहे.

दुसरी वाट त्याहून फसवी होती. कोरडी पावडर द्रावणात विरघळवली की ती पूर्णपणे सुट्या रेणूंत विरघळली असे डोळ्यांना वाटते, परंतु आधीच जुळलेले काही पुंजके तिच्यात शिल्लक असतात. हे पुंजके म्हणजे दुधात चुकून राहिलेले विरजण. अशा द्रावणात विलंबकाळ मोजणे म्हणजे आधीच विरजलेले दूध किती वेळात लागते ते मोजणे.

स्वच्छता

लुंडच्या गटाने यावर काढलेला उपाय चमकदार नव्हता. २००९ साली डब्लिनच्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी ई. कोलाय या जिवाणूकडून पेप्टाइड बनवून घेण्याची आणि ते स्वस्तात शुद्ध करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. जिवाणूला साखळी सुरू करण्यासाठी मेथिओनिन लागतो, त्यामुळे या पेप्टाइडच्या डोक्यावर एक जादा अमिनो आम्ल राहते. ही तडजोड होती आणि ती उघडपणे सांगितलेली होती. तिच्या बदल्यात लाभ मोठा होता, कारण पेशीची प्रथिने बांधणारी यंत्रणा जोड गाळण्याच्या बाबतीत कोणत्याही रासायनिक संयंत्रापेक्षा काटेकोर असते.

त्यानंतरची शिस्त प्रत्येक प्रयोगाला लागू होती. पेप्टाइड ६ मोलर ग्वानिडीनमध्ये विरघळवून सगळे पुंजके मोडायचे. मग ते आकारानुसार रेणू वेगळे करणाऱ्या स्तंभातून सोडायचे आणि सुट्या रेणूंच्या शिखराचा फक्त मधला भाग बर्फावर ठेवलेल्या नळीत गोळा करायचा. कडेचा भाग कितीही मोहक वाटला तरी टाकून द्यायचा. हे सर्व प्रयोगाच्या दिवशीच. काल गोळा केलेले आज वापरायचे नाही. धातूचे आयन लुडबुड करू नयेत म्हणून बफरमध्ये ईडीटीए घालायचे. साध्या प्लास्टिकला पेप्टाइड चिकटते आणि तेथेच बीजे धरतात, म्हणून पेप्टाइड न चिकटणारा लेप असलेल्या प्लेटा वापरायच्या. पिपेटने भरताना बुडबुडा येऊ द्यायचा नाही, कारण हवा आणि पाणी यांच्या सीमेवर असे रेणू गर्दी करतात आणि प्रत्येक बुडबुडा म्हणजे अशी एक नवी सीमा. प्लेट हलवायची नाही, कारण हलवल्याने तंतू तुटतात आणि तुटलेला प्रत्येक तंतू वाढीला दोन नवी टोके पुरवतो.

ज्यांनी प्रयोगशाळेत काम केले आहे त्यांना यातील एकही गोष्ट नवी वाटणार नाही. सगळ्या एकाच वेळी आणि दर वेळी पाळणे, एवढेच नवे होते. २०१०मध्ये या गटाने प्रसिद्ध केलेल्या आलेखांत एकाच संहतीच्या, म्हणजे पेप्टाइडचे प्रमाण तेच असलेल्या, खळग्यांच्या वक्ररेषा एकमेकींवर इतक्या नेमक्या बसल्या होत्या की त्या वेगळ्या ओळखणे अवघड होते. महिन्यांच्या अंतराने केलेल्या प्रयोगांतही तेच. दैवाधीन म्हणून सोडून दिलेली विसंगती नाहीशी झाली आणि आता वक्ररेषेच्या आकाराला अर्थ विचारणे शक्य झाले.

आकाराला विचारलेला प्रश्न

तंतूंच्या वाढीचे गणित जपानमध्ये फुमिओ ओसावा यांनी १९६०च्या दशकात स्नायूंतील अ‍ॅक्टिन या प्रथिनासाठी मांडले होते. त्यात दोनच पायऱ्या होत्या: सुटे रेणू एकत्र येऊन बीज होणे (प्राथमिक बीजनिर्मिती) आणि बीजाच्या टोकांना रेणू लागत जाऊन तंतू वाढणे. अमायलॉइडच्या बाबतीत आणखी दोन शक्यता होत्या. तंतू मधेच तुटून टोके वाढणे ही एक. आणि दुसरी, तंतूच्या अंगावर, त्याच्या लांबीवर कोठेतरी, सुटे रेणू जमून तेथे नवे बीज धरणे. या दुसरीला दुय्यम बीजनिर्मिती म्हणतात. ती होत असेल तर जुना तंतू नव्या तंतूंना जन्म देतो आणि संख्या चक्रवाढीने वाढते. नोल्स आणि सहकाऱ्यांनी २००९ साली तंतूंचे तुटणे धरणाऱ्या समीकरणांची कागदावर मांडता येईल अशी उकल दिली आणि पुढे तीत दुय्यम बीजनिर्मितीही सामावून घेतली गेली. त्यामुळे पूर्वी संगणकावर चाचपडत करावी लागणारी तुलना सरळ झाली.

परीक्षेची कल्पना अशी होती. निम्मे पेप्टाइड तंतूंत जाईपर्यंत लागणाऱ्या वेळेला अर्धकाळ म्हणू. सुरुवातीची संहती वाढवली की अर्धकाळ घटतो. किती घटतो यावरून कोणती पायरी वरचढ आहे याचा सुगावा लागतो. तुटणे वरचढ असेल, तर संहती दुप्पट केल्यावर अर्धकाळ मूळच्या सुमारे ७१ टक्के उरायला हवा, कारण तुटण्याच्या वेगाला सुट्या रेणूंच्या संख्येशी कर्तव्य नसते. प्रत्यक्षात तो सुमारे ४० टक्के उरत होता. गणिताच्या भाषेत घातांक उणे १.३च्या आसपास होता. म्हणजे तंतूंची संख्या वाढवणारी पायरी सुट्या रेणूंवरही अवलंबून होती.

येथे एक पळवाट उरते आणि ती बंद करणे हा या कामाचा सर्वात देखणा भाग आहे. केवळ प्राथमिक बीजनिर्मिती मानून, बीजाला लागणाऱ्या रेणूंचा आकडा सोयीने निवडला तर हाच घातांक काढून दाखवता येतो. परंतु मग वक्ररेषेचा आरंभ वेळेच्या वर्गाप्रमाणे, हळूहळू वर यायला हवा. मोजलेल्या वक्ररेषा आधी जवळजवळ सपाट राहून मग झपकन उठत होत्या, म्हणजे चक्रवाढीची खूण दाखवत होत्या. सर्व संहतींच्या सर्व वक्ररेषांना एकाच वेळी, तेच वेगांक ठेवून, एकच गणित बसवायचे अशी अट घातली गेली. एकट्या वक्ररेषेला कोणतेही गणित बसवता येते. दहा वक्ररेषांना एकाच संचाने बसवणे म्हणजे साक्षीदारांची उलटतपासणी. त्या उलटतपासणीत दुय्यम बीजनिर्मितीच टिकली. सॅम्युएल कोहेन हे पहिले लेखक असलेला हा निबंध २०१३ साली प्रसिद्ध झाला.

याची पूर्वपीठिका वेगळ्याच आजारात आहे, आणि ती मराठी वाचकाला जवळची आहे. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार भागांतील आदिवासी समाजांत आढळणाऱ्या सिकलसेल आजारात प्राणवायू सोडलेले हिमोग्लोबिन तंतू करते आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकते. फेरोन, हॉफ्रिक्टर व ईटन यांनी १९८५ साली त्या तंतूंसाठी दोन वाटांच्या बीजनिर्मितीचा सिद्धान्त मांडला होता: एक द्रावणात, दुसरी आधीच्या तंतूच्या अंगावर. तेथे विलंबकाळ संहतीच्या जवळजवळ तिसाव्या घातावर अवलंबून असतो, त्यामुळे फरक ठसठशीत दिसतो. अमायलॉइडमध्ये घातांक इतका लहान आहे की अस्वच्छ नमुन्यात तो हरवूनच जातो.

प्रत्यक्ष पुरावा

गणिताने सुचवलेल्या गोष्टीची रसायनानेही साक्ष द्यावी म्हणून याच निबंधात किरणोत्सारी खुणेचा प्रयोग केला गेला. एका नळीत खूण केलेले सुटे रेणू आणि बिनखुणेचे तंतू एकत्र ठेवले. दुसऱ्या नळीत याच्या उलट. मग विरघळलेल्या भागातले लहान पुंजके, म्हणजे ऑलिगोमर, वेगळे करून त्यांच्यात खूण आहे का ते पाहिले. पुंजक्यांत सुट्या रेणूंचीच खूण सापडली, तंतूंची नाही. म्हणजे पुंजके तंतूंचे तुकडे पडून झालेले नव्हते, तर सुट्या रेणूंपासून नव्याने घडलेले होते. मात्र तंतू हजर असले तरच ते लक्षणीय प्रमाणात घडत होते. कच्चा माल सुटे रेणू आणि कारखाना तंतूचा पृष्ठभाग, असे हे नाते आहे.

याचा परिणाम एका जुन्या वादावर झाला. मेंदूला अपाय मोठे साठे करतात की विरघळलेले लहान पुंजके करतात, यावर दोन तट पडले होते. लहान पुंजके अधिक घातक असल्याचे पुरावे साचत गेले, तेव्हा साठे निरुपद्रवी असावेत असाही सूर निघाला. दुय्यम बीजनिर्मिती मान्य केली तर हा वाद तसा उरत नाही: साठा स्वतः फारसा घातक नसेलही, पण तो घातक पुंजके अखंड पाडत राहतो.

पायरी खरी असेल, तर ती एकटीच बंद करता आली पाहिजे. स्वीडनमधील सहकाऱ्यांकडे ब्रिकोस नावाचा प्रथिनखंड होता. फुप्फुसातील एका पृष्ठताणरोधक प्रथिनाच्या जडणघडणीत तो राखणदाराचे काम करतो. २०१५मध्ये दाखवले गेले की हा खंड तंतूंच्या अंगाला चिकटतो, आणि त्याच्या हजेरीतली वक्ररेषा ही समीकरणातून फक्त दुय्यम बीजनिर्मितीची संज्ञा वगळली तर जी वक्ररेषा येते तिच्याशी जुळते. प्राथमिक बीजनिर्मिती आणि टोकांची वाढ त्याने जवळजवळ अस्पर्श ठेवली. तंतू शेवटी होतातच, उशिरा होतात. पण वाटेत होणारे पुंजके बरेच कमी होतात.

पटल पुन्हा मध्ये आणल्यावर

आतापर्यंतचे सगळे निव्वळ बफरमधले. पेप्टाइड जेथून सुटले ते पटल प्रयोगात परत आणल्यावर काय होते, हा जैवभौतिकीचा स्वाभाविक पुढचा प्रश्न होता, आणि तेथे हीच शिस्त कामी आली. पार्किन्सनशी संबंधित अल्फा-सायन्युक्लीन हे प्रथिन स्वच्छ बफरमध्ये स्वतःहून जवळजवळ बीज धरतच नाही. केंब्रिजच्या गटाने २०१५मध्ये त्याला ऋणभारित लिपिडांच्या (पटलातील स्निग्ध रेणूंच्या) सूक्ष्म पिशव्या दिल्या, तेव्हा प्राथमिक बीजनिर्मितीचा वेग हजार पटींहून अधिक वाढला. अमायलॉइड-बीटाच्या बाबतीत २०१८मध्ये असे दिसले की पटलात कोलेस्टेरॉल असेल तर प्राथमिक बीजनिर्मिती २० पटींपर्यंत वाढते. दोन्ही ठिकाणी पटल पहिली ठिणगी पाडते. मुंबईत पवईच्या आयआयटीतील गटाने २०२०मध्ये अल्फा-सायन्युक्लीनच्या बाबतीत आणखी एक वाट दाखवली: प्रथिन आधी तेलाच्या थेंबांसारख्या दाट द्रवथेंबांत वेगळे होते आणि त्या थेंबांतच कालांतराने घट्ट होऊन तंतू धरते.

औषधांच्या बाजूने या कामाचा उपयोग २०२०मध्ये ठळक झाला. वैद्यकीय चाचण्यांतून गेलेल्या अमायलॉइडविरोधी प्रतिपिंडांची याच वक्ररेषांवर तुलना केली असता, कोणते प्रतिपिंड कोणती पायरी अडवते हे वेगवेगळे दिसले. अ‍ॅड्युकॅन्युमॅब प्रामुख्याने दुय्यम बीजनिर्मिती अडवते असे आढळले. अमेरिकेत त्याला जून २०२१मध्ये घाईच्या मार्गाने मंजुरी मिळाली, तिच्यावर मोठा वाद झाला आणि २०२४मध्ये कंपनीने ते बंद करत असल्याचे जाहीर केले. पायरी अचूक अडवणे आणि रुग्णाची स्मृती टिकणे यांत पुष्कळ अंतर आहे, आणि बफरमधील वक्ररेषा ते अंतर मोजू शकत नाही.

या कामावरचा सर्वात रास्त आक्षेपही याच प्रकारचा होता. ८ पीएच, धातू नाहीत, इतर प्रथिने नाहीत, लिपिड नाही. मेंदूत असे कोठे असते? नमुना इतका स्वच्छ केला की तो कोणत्याही शरीरात सापडणार नाही असा झाला. त्यावर लुंडच्या गटाने २०१९मध्ये माणसाच्या मेंदू-मज्जाद्रवात तोच प्रयोग केला. वक्ररेषा बऱ्याच उशिरा उठल्या, कारण त्या द्रवातील घटक, विशेषतः लिपिड वाहून नेणारे कण, प्रक्रिया मंदावतात. मात्र उठल्यावर त्यांचा आकार ओळखीचाच होता, आणि त्यांना बसणाऱ्या गणितात तंतूच्या अंगावरची बीजनिर्मिती अजूनही वरचढ होती.